पासवर्ड मुंबईत, कॉम्प्युटर मालवणात : अपडेट अडकलं की काय करायचं

आपल्याकडे हे बऱ्याच घरांत बघायला मिळतं. लॅपटॉप मुंबईतल्या पुतण्याने घेऊन दिला, गणपतीत आला तेव्हा सगळं सेटिंग करून दिलं, स्वतःचं अकाउंट अ‍ॅडमिन (मशीनमध्ये बदल करायचे अधिकार असलेलं) ठेवलं आणि काकूंसाठी एक साधं अकाउंट बनवलं, म्हणजे चुकून काही बिघडू नये. हेतू चांगलाच होता आणि पद्धतही बरोबर होती. पण आता पुतण्या विरारला, लॅपटॉप मालवणला, आणि होमस्टेचं बुकिंग बघायला बसलं की खिडकी येते, अपडेट करायचंय, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाका. काकू फोन लावतात, "रे बाबू, हो परत पासवर्ड मागता, काय घालू?" तो लोकलमध्ये लटकलेला असतो, म्हणतो आत्ता नो दाब. मग रोज नो दाबलं जातं आणि वर्षभर त्या मशीनवर एकही अपडेट पडत नाही. हेच शाळेच्या लॅबमध्ये, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, ई-सेवा केंद्रात, आंब्याच्या व्यापाऱ्याकडे, फक्त पुतण्याच्या जागी कोणीतरी दुसरा असतो.

बहुतेक वेळा अपडेट बिघडलेलंच नसतं. सॉफ्टवेअर अशा पद्धतीने टाकलेलं असतं की प्रत्येक वेळी त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, आणि परवानगी देणारा माणूस जागेवर नसतो. त्यामुळे काकूंना अ‍ॅडमिन करून टाकणं हा उपाय नाही (सगळे तेच करतात, म्हणून आधीच सांगतो). जेवढी अपडेट पासवर्डशिवाय होऊ शकतात तेवढी तशी होतील अशी सोय एकदा करून ठेवायची, आणि उरलेल्यांसाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड गावातल्याच एका भरवशाच्या माणसाकडे ठेवायचा. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींसाठी आहे, विंडोज १० आणि ११ धरून.

आधी बघा, तुम्ही कोण आहात

कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात युजर अकाउंट्स. तुमच्या नावाखाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असा शब्द दिसला तर तुम्ही अ‍ॅडमिन, नाही दिसला तर साधे युजर. त्याहून सोपी खूण म्हणजे ती परवानगीची खिडकी. फक्त येस आणि नो विचारत असेल तर तुम्ही अ‍ॅडमिन आहात, पासवर्ड किंवा पिन मागत असेल तर नाही. ही खिडकी विंडोज व्हिस्टापासून आली, नाव युजर अकाउंट कंट्रोल, आणि ती वैताग आणत असली तरी घरातल्या कॉम्प्युटरवर तिच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

एक विचित्र प्रकार कधीकधी दिसतो, खिडकी येते पण पासवर्ड टाकायला जागाच नाही आणि येसचं बटण दाबलंच जात नाही. याचा अर्थ त्या मशीनवर चालू असलेलं एकही अ‍ॅडमिन अकाउंट उरलेलं नाही, कोणीतरी शेवटचं अ‍ॅडमिन अकाउंट काढलं किंवा साधं करून टाकलं. हे व्हिडिओ बघून घरी सोडवायला जाऊ नका. आधी फोटो, टॅलीचा डेटा, कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या आणि मग जाणकार माणसाला दाखवा. त्याच्याकडे नेण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मिळवून ठेवा, कारण हल्लीचे लॅपटॉप डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करून ठेवतात आणि ज्याने पहिल्यांदा सेटअप केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की जाऊन बसते, म्हणजे परत पुतण्याच. त्याला सांगा मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन कर, डिव्हाइसेसमध्ये जा आणि तो ४८ आकडी नंबर पाठव. तो कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काही उपयोग नाही.

मग बघा, अडकलंय नक्की काय

सगळे म्हणतात "अपडेट होत नाही", पण कशाचं अपडेट हे विचारलं की गडबड होते. आणि उपाय पूर्ण त्यावरच अवलंबून आहे.

विंडोजचं स्वतःचं अपडेट असेल तर त्याला साध्या युजरला पासवर्ड लागत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, चेक फॉर अपडेट्स, झालं. ते काम विंडोजची सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, सिस्टिमच्या अधिकाराने करते, तुमच्या नाही. घरच्या मशीनवर तरी असंच असतं, ऑफिसने पॉलिसी लावली असेल तर वेगळं. म्हणून ते अडकलं तर अ‍ॅडमिनच्या मागे लागू नका, आधी साध्या गोष्टी बघा. सी ड्राइव्हवर जागा आहे का, एरर नंबरच्या शेवटी ८००७००७० असेल तर डिस्क भरली आहे, बाकी काही नाही. दुसरं, आपल्या भागात अर्धे लोक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवतात आणि ते कनेक्शन मीटर्ड (डेटा मोजून वापरायचं) म्हणून सेट असेल तर विंडोज बरीचशी अपडेट आपणहून उतरवतच नाही, वाट बघत बसतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्या वायफायची प्रॉपर्टीज, मीटर्ड कनेक्शन, तिथे बघा. डेटा पुरेसा असेल त्या दिवशी ते ऑफ करा, अपडेट उतरवा, परत ऑन करा. तिसरं, तारीख आणि वेळ. लॅपटॉप पावसाळाभर बंद पडून होता आणि घड्याळ मागे गेलं तर अपडेटचा सर्व्हर त्याला ओळखतच नाही.

ऑफिसात किंवा शाळेत पाच-दहा मशीन असतील आणि नेट एकच असेल तर विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे ते चालू करा आणि लोकल नेटवर्कवरची मशीन असा पर्याय निवडा. मग एका मशीनने उतरवलेलं बाकीची मशीन तिच्याकडून घेतात. बीएसएनएलची लाइन पावसात रखडत चालते तेव्हा याचा फार फायदा होतो.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली अ‍ॅप, म्हणजे बहुतेकांच्या मशीनवरचं व्हॉट्सअ‍ॅप, यांनाही साध्या युजरला पासवर्ड लागत नाही. स्टोअर उघडायचं, लायब्ररी किंवा डाउनलोड्समध्ये जायचं, गेट अपडेट्स.

खरी अडचण असते तिसऱ्या प्रकारात, वेबसाइटवरून उतरवून टाकलेली सॉफ्टवेअर. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

सॉफ्टवेअर कुठे टाकलंय ते शोधा

डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन. शॉर्टकटच्याच फोल्डरमध्ये पोचलात तर परत एकदा तेच करा, मग खरा पत्ता दिसेल. तो सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर सॉफ्टवेअर सगळ्या युजरसाठी टाकलंय. युजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा असा पत्ता असेल तर फक्त तुमच्यासाठी. प्रोग्राम फाइल्स म्हणजे सोसायटीचं गोदाम, आत कोणीही बघू शकतो पण माल हलवायचा तर चावीवाला लागतो, आणि अ‍ॅपडेटा म्हणजे तुमच्या घरातलं कपाट. कपाटातलं सॉफ्टवेअर स्वतःला अपडेट करताना कोणाला विचारत नाही. गोदामातलं विचारतं, फक्त काही कंपन्यांनी तिथे आपला एक माणूस कायमचा ठेवलेला असतो, म्हणजे एक सर्व्हिस जी सिस्टिमच्या अधिकाराने चालते आणि पासवर्ड न मागता नवीन माल लावून टाकते. तो माणूस हजर आहे की नाही एवढंच बघायचं.

क्रोमचं असंच आहे. प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर गुगल अपडेटची सर्व्हिस ते करते आणि साध्या युजरला काही करावं लागत नाही. क्रोम टाकताना पासवर्डच्या खिडकीला नो म्हटलं तर ते विचारतं की अ‍ॅडमिनशिवाय फक्त तुमच्यापुरतं टाकू का, तेव्हा येस म्हटलं की ते अ‍ॅपडेटात जातं आणि तिथूनही आपलं आपण अपडेट होतं. म्हणजे क्रोममध्ये अपडेट अडकलं तर बहुतेक वेळा सर्व्हिस कोणीतरी बंद केलेली असते, नाहीतर दुसरा युजर क्रोम उघडं ठेवूनच स्विच युजर करून गेलेला असतो आणि सगळी क्रोम बंद झाल्याशिवाय नवीन व्हर्जन बसत नाही. आधी मशीन रीस्टार्ट करून बघा, शटडाउन नाही, रीस्टार्ट. शटडाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धंच बंद होतं.

फायरफॉक्सचा माणूस म्हणजे मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस, २०१२ मध्ये फायरफॉक्स १२ बरोबर आली ती यासाठीच की दर अपडेटला पासवर्डची खिडकी येऊ नये. फायरफॉक्स सारखं पासवर्ड मागत असेल तर ही सर्व्हिस टाकलेलीच नाही किंवा कोणीतरी उडवली असं समजा. अ‍ॅडमिनने एकदा फायरफॉक्सचा पूर्ण इन्स्टॉलर परत चालवला की ती बसते, बुकमार्क वगैरे जात नाहीत.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस हल्लीचं असेल तर क्लिक टू रन नावाची सर्व्हिस तेच काम करते, वर्ड उघडून फाइल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्समधून साध्या युजरलाही अपडेट करता येतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरचीही स्वतःची अपडेट सर्व्हिस आहे. व्हीएस कोड कॉलेजची मुलं वापरतात, त्याचे दोन इन्स्टॉलर मिळतात, युजर सेटअप आणि सिस्टिम सेटअप. साध्या युजरने युजर सेटअपच घ्यायचा, तो अ‍ॅपडेटात जातो. पण तो राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केला तर अपडेट बंदच होतात, म्हणजे जास्त अधिकार दिल्यामुळे काम अडतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही.

आणि उरलेली, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, सेव्हन झिप, जावा, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, यांच्याकडे तसा माणूस नाही. यांना दर वेळी अ‍ॅडमिन लागणार, दुसरा मार्ग नाही. सेव्हन झिप तर अपडेट आलंय हेसुद्धा सांगत नाही. यांची यादी करून ठेवा, महिन्यातून एकदा अ‍ॅडमिनने बसून करायचं काम ते.

सर्व्हिस चालू आहे का

स्टार्टमध्ये सर्व्हिसेस असं टाइप करा आणि उघडा. साध्या युजरला बघता येतं, बदलता येत नाही, बघण्यापुरतंच आपल्याला हवं. गुगल, मोझिला, क्लिक टू रन ही नावं शोधा. स्टार्टअप टाइपच्या रकान्यात डिसेबल्ड दिसलं तर चोर सापडला. मॅन्युअल दिसलं तर घाबरू नका, मोझिलाची सर्व्हिस मॅन्युअलच असते, गरज पडेल तेव्हाच उठते. बंद कोण करतं याचं उत्तर जवळजवळ नेहमी तेच, पीसी फास्ट करतो म्हणणारं एखादं क्लीनर किंवा दुकानातून मशीन परत येताना कोणीतरी "फालतू सर्व्हिसेस" बंद करून दिल्या. मशीन थोडं हलकं वाटतं आणि दोन वर्षं ब्राउझर जुनाच राहतो. ज्या ब्राउझरवर तुम्ही बँक उघडता त्याचं असं करू देऊ नका.

एरर नंबर काय सांगतो

नंबर बघितल्याशिवाय ओके दाबू नका, मोबाइलने फोटो काढा. शेवटी ८००७०००५ किंवा नुसतं एरर ५ असेल तर परवानगी नाकारली. ७४० म्हणजे हे काम अ‍ॅडमिन म्हणून चालवायला हवं. १९२५ म्हणजे सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल करण्याइतके अधिकार नाहीत. हे तिन्ही आले की अ‍ॅडमिनकडेच जायचं, दहा वेळा रिट्राय दाबून काही होत नाही. १६२५ वेगळं आहे, त्यात पॉलिसीनेच मनाई केलेली असते, म्हणजे मशीन बँकेचं, जिल्हा परिषदेचं किंवा कंपनीचं आहे आणि त्यांच्या आयटीने मुद्दाम बंद केलंय. तिथे पळवाट शोधायची नाही, त्यांनाच कळवायचं. १६०३ आलं तर कारण काहीही असू शकतं, आधी रीस्टार्ट, मग जागा, मग अधिकार या क्रमाने बघा.

अ‍ॅडमिन आला, आता नीट करा

पुतण्या गणपतीला आला की पहिल्या दिवशी आरत्या आणि पाहुणे, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बसवा. इथे लोक घाई करतात आणि काम अर्धवट राहतं, म्हणून जरा तपशीलात.

साध्या युजरच्या अकाउंटमध्ये राहून पासवर्डच्या खिडकीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला की तो इन्स्टॉलर काकूंच्या नावाने चालत नाही, पुतण्याच्या नावाने चालतो. हे लक्षात ठेवा, निम्मे गोंधळ इथूनच होतात. सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये जाणारं असेल तर काही फरक पडत नाही. पण अ‍ॅपडेटात जाणारं असेल तर ते पुतण्याच्या कपाटात जाऊन बसतं, इन्स्टॉल सक्सेसफुल असा मेसेज येतो आणि काकूंच्या डेस्कटॉपवर काहीच दिसत नाही, किंवा जुनंच व्हर्जन उघडत राहतं. मग परत टाकतात, परत तेच. म्हणून नियम सोपा ठेवा, एकट्यापुरतं सॉफ्टवेअर असेल तर त्या युजरने पासवर्ड न टाकता स्वतः टाकायचं, सगळ्यांसाठीचं असेल तर अ‍ॅडमिनने त्याच्या अकाउंटला पूर्ण लॉगिन करून टाकायचं.

इन्स्टॉलर नेटवर्क ड्राइव्हवर असेल, समजा ऑफिसात झेड ड्राइव्ह म्हणून शेअर केलाय, तर अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या इन्स्टॉलरला तो ड्राइव्ह बहुतेक दिसतच नाही आणि फाइल सापडत नाही असा मेसेज येतो. फाइल खराब नाहीये. आधी ती सी ड्राइव्हवर युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून चालवा.

सुरू करण्याआधी बाकी सगळ्या युजरना साइन आउट करा, स्विच युजर नाही. टॅली अपग्रेड करायचं असेल तर आधी डेटाचा पत्ता कुठला आहे ते टॅलीतच बघून लिहून घ्या, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच पुढे जा, खासकरून मार्च ते मे, देवगड-रत्नागिरीचा हापूस वाशीला जात असताना तर टॅलीला हातच लावू नका, ते काम फेब्रुवारीच्या आत किंवा पाऊस सुरू झाल्यावर. झालं की अ‍ॅडमिनच्या अकाउंटमधून बाहेर या, काकूंच्या अकाउंटला लॉगिन करा आणि तिथून ते सॉफ्टवेअर उघडून अबाउटमध्ये व्हर्जन बघा. अ‍ॅडमिनच्या अकाउंटमध्ये बघितलेलं व्हर्जन धरायचं नाही.

आणि त्याच बैठकीत सगळ्यात महत्त्वाचं काम, एक वेगळं लोकल अ‍ॅडमिन अकाउंट बनवून ठेवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. ते मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल, तिथे खाली या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही असा पर्याय असतो तो दाबा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर बनवा असा पर्याय येतो. नाव साधं ठेवा, पासवर्ड लांब ठेवा, सुरक्षेचे तीन प्रश्न नीट भरा. मग त्या नावावर क्लिक करून चेंज अकाउंट टाइप, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला आणि घरातल्या कपाटात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे द्या. कीबोर्डखाली चिकटवू नका. हे अकाउंट रोजच्या कामाला वापरायचं नाही, यावर ब्राउझर उघडायचा नाही, फक्त खिडकी पासवर्ड मागते तेव्हा हे नाव आणि हा पासवर्ड.

विंडोज १० अजून वापरताय?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट घेतली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट येतात. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल करावं लागतं आणि ते अ‍ॅडमिन असलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनेच करता येतं. काकूंच्या साध्या अकाउंटमधून ते होणार नाही. वर सांगितलेलं लोकल अकाउंट यासाठी पुरत नाही, पुतण्याचंच लागेल, म्हणून तो असतानाच उरकून घ्या.

काही ठिकाणचे खास प्रश्न

ई-सेवा केंद्रात बोटांच्या ठशाचं मशीन असतं, त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, दोन्ही अ‍ॅडमिनशिवाय बसत नाहीत. सकाळी दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना आरडी सर्व्हिस अपडेट मागते आणि ऑपरेटरकडे पासवर्ड नसतो, मग लोक लांबलांबच्या वाड्यांवरून एसटीने आलेले तसेच परत जातात. हे मला फार चुकीचं वाटतं, माणसाची अख्खी मजुरी बुडते. केंद्र चालवणाऱ्याने ऑपरेटरला अ‍ॅडमिन करू नये हे ठीक, पण मग केंद्र उघडं असेपर्यंत पासवर्ड माहीत असलेला माणूस फोनवर किंवा जागेवर पाहिजेच. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी फाइल नको.

शाळेच्या लॅबमध्ये अपडेट होतं आणि दुसऱ्या दिवशी गायब असतं. तिथे डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर आहे का बघा, ते प्रत्येक रीस्टार्टला मशीन होतं तसं करून टाकतं, अपडेटसकट. आधी ते थॉ करायचं, म्हणजे फ्रीझ काढायचं, अपडेट करायची, रीस्टार्ट, मग परत फ्रीझ.

ऑफिसात कॉमन प्रिंटर सर्व्हरवरून जोडलेला असेल आणि अचानक ड्रायव्हरसाठी अ‍ॅडमिन मागायला लागला तर त्याचं मूळ २०२१ मध्ये आहे. प्रिंटनाइटमेअर नावाची विंडोजच्या सुरक्षेतली मोठी भेग सापडली होती, त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने अशा प्रिंटरचे ड्रायव्हर टाकणं अ‍ॅडमिनपुरतं केलं. रजिस्ट्रीत बदल करून ते उघडता येतं असं कोणी सांगेल, उघडू नका, ड्रायव्हर एकदा अ‍ॅडमिनने प्रत्येक मशीनवर टाकून द्यावा.

आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींना ऑगस्ट २०२५ चा अनुभव आला असेल. त्या महिन्याच्या विंडोज सिक्युरिटी अपडेटनंतर ऑटोकॅडसारखी काही सॉफ्टवेअर साध्या युजरने उघडली की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागू लागली, कारण ती आतून एमएसआय रिपेअर, म्हणजे स्वतःच्या इन्स्टॉलेशनची दुरुस्ती, चालवतात आणि त्यावरची तपासणी कडक झाली होती. सप्टेंबर २०२५ च्या अपडेटमध्ये ती तपासणी बरीच आटोक्यात आणली. म्हणजे तिथे उपाय विंडोजचं पुढचं अपडेट टाकणं हाच होता, आणि काही ऑफिसांनी नेमकं उलट केलं, विंडोजची अपडेटच थांबवली.

अ‍ॅडमिन लांब असेल तर

फोनवर स्क्रीन शेअर करून करता येतं, पण एक अडचण आहे. विंडोजच्या क्विक असिस्टमध्ये पासवर्डची खिडकी आली की समोरच्याला ती दिसत नाही, त्याची स्क्रीन थांबते, म्हणून पासवर्ड इथल्याच माणसाला टाकावा लागतो. एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनने आधीच मशीनवर पूर्ण इन्स्टॉल केलेलं असेल तर त्याला ती खिडकी दिसते आणि पासवर्ड तो तिकडून टाकू शकतो. पण ही सोय फक्त घरच्या माणसासाठी. बँकेतून बोलतोय, कंपनीतून बोलतोय, तुमचं अपडेट करून देतो असं सांगणाऱ्याला एनीडेस्कवर दिसणारा नंबर देऊ नका, बँकेचं अकाउंट रिकामं करायला त्यांना तेवढंच लागतं. पासवर्ड फोनवर सांगायची वेळच आली तर काम झाल्यावर त्याच दिवशी बदला.

हे करू नका

सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं, आणि परवानगीची खिडकी कायमची बंद करणं, ही दोन्ही एकाच माळेची. आलेल्या मेलमधली एखादी वाईट फाइल उघडली तर साध्या युजरच्या हातात असतं तेवढंच नुकसान होतं, अ‍ॅडमिन असाल तर अख्खं मशीन जातं. तिसरी गोष्ट, प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरवर राइट क्लिक करून सगळ्या युजरना फुल कंट्रोल देणं. अपडेट चालू होतात खरी, पण मग कुठलाही व्हायरस तिथली फाइल बदलून ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी अ‍ॅडमिन ती आपल्याच हाताने चालवतो.

आणि या सगळ्याला कंटाळून अपडेटच बंद करणं सगळ्यात वाईट. वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर पसरला, तो ज्या भेगेतून आत गेला तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने होते. ज्यांनी टाकलं त्यांच्या मशीनमध्ये त्या वाटेने तो शिरू शकला नाही.

कधी करायचं

मायक्रोसॉफ्टची महिन्याची मोठी अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यानंतरचा शनिवार अ‍ॅडमिनचा ठरवून टाका, तासाभराचं काम आहे. मोठी कामं, म्हणजे व्हर्जन बदलणं वगैरे, धंदा थंड असताना. मच्छीमार सोसायटीला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तो काळ बरा, होमस्टेवाल्यांनाही जूनमध्ये पर्यटक कमी झाले की, शाळांना मे महिन्याची सुट्टी. फक्त पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लॅपटॉप फुल चार्ज आणि डेस्कटॉप यूपीएसवर असेल तरच अपडेट सुरू करा, आणि गडगडायला लागलं असेल तर त्या दिवशी राहू द्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, अशा वेळी मशीन खूप दिवसांनी चालू झालं की सगळी अपडेट एकदम येतात आणि दोन-तीन रीस्टार्ट मागतात. तेव्हा काम सुरू करायची घाई न करता आधी ती पूर्ण होऊ द्या, शेवटच्या रीस्टार्टनंतर परत एकदा चेक फॉर अपडेट्स दाबा, आणि काहीच उरलं नाही असं दिसलं की मग टॅली उघडा.